दिल्ली वेस, मुक्काम कारंजा

मोबाइलवरून काही मागवलं की पत्त्याखाली एक चौकोन येतो: ‘लँडमार्क’. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्यात राहणारा माणूस तिथं बिनदिक्कत ‘दिल्ली वेसजवळ’ लिहू शकतो, आणि पार्सल दिल्लीला न जाता त्याच्या दारात येतं. दिल्ली इथून सरळ रेषेत साधारण ९०० किलोमीटर. मधे सातपुडा, नर्मदा, अख्खा माळवा. तरी वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेच्या गावानं आपल्या एका वेशीला तिचं नाव दिलं आणि ते आजवर टिकवलं.

हे कारंजा म्हणजे कारंजा लाड. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, म्हणून हे शेपूट लावावं लागतं. जुनं गाव तटाच्या आत वसलेलं आणि तटाला चार वेशी: दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि दिल्ली वेस. पहिल्या तिघींचा हिशेब सोपा आहे. दारव्हा आग्नेयेला, आज यवतमाळ जिल्ह्यात. मंगरूळ म्हणजे मंगरूळपीर, नैर्ऋत्येला. पोहा तर कारंजा तालुक्यातलंच गाव. वेशीतून बाहेर पडलेला रस्ता जिथं पोहोचतो त्या गावाचं नाव वेशीला. एसटीच्या पाटीवर शेवटचं गाव लिहितात तसं. म्हणजे एक वेस शेजारच्या खेड्याची, दोन आसपासच्या बाजारगावांची, आणि चौथी एकदम राजधानीची.

ही राजधानी वऱ्हाडात कशी आली त्याचा इतिहास थोडक्यात असा. अचलपूरची इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. कारंजा निजामशाही घराण्यातल्या एका मुलीला आंदण मिळालं होतं आणि त्यावरून गावाला ‘बीबीचं कारंजा’ म्हणत, असं सांगतात. पुढं १५९६ मध्ये चांदबिबीला अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड अकबराला द्यावा लागला. तेव्हापासून इथल्या महसुलाची वाट उत्तरेकडे वळली. बादशहाचा मुक्काम कधी लाहोरला, कधी आग्र्याला असे. शाहजहाननं १६४८ मध्ये दिल्लीत नवं शहर थाटलं. त्यामुळे वेशीच्या नावातली दिल्ली म्हणजे रस्त्यावरचं पुढचं गाव असं मला वाटत नाही. कारंज्याहून निघालेली बैलांची तांडं दिल्लीपर्यंत क्वचितच गेली असतील. त्यांचा माल बुऱ्हाणपूरच्या पेठेत पोहोचला तरी पुष्कळ. दिल्ली म्हणजे सत्ता. जिथून फर्मान येतं आणि जिथं सारा जातो, ती दिशा.

असे दरवाजे दख्खनेत आणखीही आहेत. औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिल्ली दरवाजा आहे. पुण्यात शनिवारवाड्याच्या उत्तरेच्या मोठ्या दाराचं नाव दिल्ली दरवाजाच. लाहोरलाही दिल्ली दरवाजा आहे, आणि दिल्लीनं त्याची परतफेड लाहोरी दरवाजानं केली आहे. अजमेरी आणि काश्मिरी दरवाजेही तिथं आहेत. कारंजा दरवाजा मात्र दिल्लीत नाही. नावं देण्याचा हा व्यवहार बहुधा एकतर्फीच असतो.

शब्दांचीही गंमत आहे. कारंज्यात ‘वेस’, औरंगाबादेत ‘दरवाजा’, आणि अमरावतीत ‘गेट’: जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट. अमरावतीचा परकोट तसा उशिराचा. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत सावकारांचं रक्षण व्हावं म्हणून निजाम सरकारनं तो १८०७ मध्ये बांधायला घेतला आणि १८२१ मध्ये पुरा झाला. त्याला पाच मोठे दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे पायी माणसापुरतं लहान दार. त्यातल्या एकीचं नाव खुनारी खिडकी, कारण १८१६ च्या मोहरमात तिच्याजवळ झालेल्या मारामारीत ७०० माणसं मारली गेल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. सोलापुरात तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस ही आता भागांची आणि थांब्यांची नावं झाली आहेत. रिक्षावाल्याला ती सांगताना दगडी कमान कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही.

वेस मराठीत मात्र खोलवर रुतून बसलेली आहे. अब्रू वेशीला टांगतात. लक्तरं वेशीवर येतात. नको असलेल्याला वेशीबाहेर काढतात. पटकी आली की मरीआईचा गाडा गावोगाव वेशीबाहेर ढकलत नेत, म्हणजे रोग पुढच्या गावाच्या हवाली. त्या गावानं काय करायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. नवरदेवाची वरात आली की सीमांतपूजन गावाच्या हद्दीवर. विदर्भात पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली गोळा होतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटतं आणि मग बैल घरोघर जातात. ते तोरणही बहुतेक ठिकाणी वेशीपाशी किंवा आखरावर बांधतात. गावात येणारं चांगलं आणि गावातून घालवायचं वाईट, दोन्ही या एका जागेवरून जायचं. मारुतीचं देऊळ वेशीजवळ असतं तेही उगाच नाही.

पण वेस कमानीनं चालत नाही, माणसानं चालते. त्या माणसाचं नाव वेसकर. मराठी मुलखात हे काम वतनदार महारांकडे होतं. संध्याकाळी वेस लावायची, पहाटे उघडायची, रात्री आलेल्या परक्याला थांबवायचं, कोण आलं कोण गेलं ते पाटलाच्या कानावर घालायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात गावकामगारांच्या या सगळ्या व्यवस्थेचं बारीक वर्णन आहे. मोबदला म्हणजे बलुतं, थोडी इनाम जमीन आणि दारोदारची भाकरी. आणि ज्याच्या भरवशावर गाव रात्री निर्धास्त झोपायचं त्याचं स्वतःचं घर वेशीबाहेर असायचं. वेस बंद करून तो बाहेरच्या बाजूला, आपल्या वस्तीत जायचा. चोर आले, फौज आली तर तटाच्या अलीकडे पहिला तोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या तुटपुंज्या मोबदल्याच्या वेठबिगारीतून सुटका व्हावी म्हणून. वारसा म्हणून वेशींचे फोटो काढले जातात, काढावेतही. पण त्या फोटोत वेसकर कुठं उभा होता हे ठाऊक नसेल तर फोटो अर्धाच.

बरं, वेस गाव वाचवते का? कारंज्याच्या बाबतीत उत्तर १६७० मध्येच मिळालं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला मुघलांशी लढाई झाली. आणि त्यानंतर मराठी फौजा खानदेशातून, बुऱ्हाणपूरच्या अगदी जवळून, वऱ्हाडात उतरल्या. इथपर्यंत कुणी येईल असं मुघलांना वाटलंच नव्हतं. त्यांनी गाठलं ते कारंजा. जदुनाथ सरकारांनी दिलेला तपशील असा: उंची कापड, सोनं, चांदी मिळून १ कोटी रुपयांचा ऐवज, आणि तो वाहून न्यायला ४,००० बैल आणि गाढवं. गावातले सगळे धनिक दंडासाठी ओलीस धरून नेले. त्यातला सर्वांत बडा असामी तेवढा निसटला, बाईच्या वेशात. बायकांना हात लावायचा नाही ही महाराजांची सक्त ताकीद होती. ती शत्रूच्या मुलखातल्या सावकारालाही पक्की ठाऊक असावी, असंच यातून दिसतं. लुगडं नेसून, पदर ओढून तो कोणत्या वेशीतून बाहेर पडला असेल? दिल्ली वेशीतून पडला असेल तर त्याला तिचा खरा उपयोग झाला म्हणायचा.

चार हजार जनावरं भरतील एवढी संपत्ती या आडबाजूच्या गावात आली कुठून? लाड वाणी, जैन सावजी, कापसाचा आणि कापडाचा व्यापार. गावात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला, तिचं गिऱ्हाईक कुठंच मिळेना. कारंज्याच्या एका सावजीनं सगळी कस्तुरी एकरकमी घेतली, एकाच छापाच्या नाण्यांत पैसे मोजले, आणि कस्तुरी बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या गाऱ्यात ओतायला सांगितली. गोष्ट खरी असो नसो, गावाला स्वतःबद्दल काय वाटत होतं ते तिच्यातून कळतं. याच पैशावर इथं जैन भट्टारकांच्या तीन गाद्या नांदल्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. त्यांच्या मंदिरांतल्या भांडारांत पोथ्या शेकड्यांनी साठल्या. १९३० च्या दशकात प्रा. हिरालाल जैन यांनी कारंजा जैन ग्रंथमालेत त्यातल्या अपभ्रंश काव्यांचं संपादन केलं, तेव्हा मराठी-हिंदीच्या आधीच्या भाषेचा एक मोठा तुकडा अभ्यासकांच्या हाती आला. लुटीत पोथ्या कुणी नेत नाही, हे नशीब.

कारंज्याच्या लुटीनंतर वऱ्हाडातल्या गावांकडून चौथ देण्याचं लिहून घेतलं गेलं. पुढच्या शतकात नागपूरकर भोसले आणि निजाम दोघंही या मुलखातून वसुली करत; तिला दोअंमली म्हणत. शेतकऱ्यासाठी तिचा अर्थ सोपा होता: वेशीत दोन हात पसरलेले. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांना तटबंदीत रस नव्हता. त्यांना कापूस हवा होता.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली. तिच्यावरचं मूर्तिजापूर हे कारंज्याचं जवळचं स्टेशन. कापसाला आता चार वेशींपैकी कोणती हे महत्त्वाचं उरलं नाही. स्टेशनची वाट तेवढी महत्त्वाची. पण कापूस स्टेशनात पोहोचण्याआधी बाजारात विकला जायचा आणि तिथं दुसरीच वेस होती, दगडाविना उभी. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवत, आणि ज्याचा माल त्याला तो शेवटी कळे. मग अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय. वजनात कडता वेगळाच. गाडीवान सकाळी ढीगभर कापूस घेऊन आत यायचा आणि संध्याकाळी मूठभर रुपये घेऊन बाहेर पडायचा.

इथं कारंज्याचं नाव देशाच्या इतिहासात लागतं, आणि कारंज्याबाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही. भारतातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणजे १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमानं सुरू झालेला कारंज्याचा कापूस बाजार. वऱ्हाड नावापुरता निजामाचा आणि कारभार इंग्रज रेसिडेंटचा, म्हणून हुकूम हैदराबादचा. हेतू शेतकऱ्याचं भलं हा नव्हता, निदान पहिला नव्हता. मँचेस्टरला स्वच्छ कापूस वाजवी दरात मिळावा हा होता. पण त्यासाठी ठरलेली जागा, परवानाधारक व्यापारी, तपासलेली मापं आणि उघड व्यवहार लागतो. तो आला की शेतकऱ्यालाही त्यातलं थोडं मिळतं. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आज गावोगावी दिसणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा वंश इथून सुरू होतो. महाराष्ट्राचा त्यांच्यासाठीचा कायदा १९६३ चा.

बाजार समितीच्या आवाराला फाटक असतं. फाटकावर गाडीची नोंद होते. आत काय आलं, किती आलं, कुणाचं आलं. वेसकराचं काम कारकुनाकडे गेलं, एवढाच फरक. आणि तटाच्या बाबतीत होतं तेच इथंही झालं: आतल्यांच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत हळूहळू आतल्यांचीच मिरासदारी झाली. परवाने मोजक्यांकडे, संचालक मंडळं राजकारणाची पहिली पायरी, आणि शेतकरी पुन्हा फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत. महाराष्ट्रानं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आणली तेव्हा तर राज्याची सीमाच वेस झाली. आपल्याच रानातला कापूस परराज्यात विकणं गुन्हा ठरला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिले.

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावू लागली, ती लाडकी शकुंतला. ती आली तीही कापसासाठीच. तिच्याबद्दल इतकं हळवं लिहिलं गेलं आहे की इथं भर घालत नाही. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरचंच होतं, १९२१ चं, आणि १९९४ पर्यंत चाललं, एवढं सांगून पुढं जातो.

जकात हे वेशीचं सर्वांत जुनं काम, आणि ते सर्वांत चिवट निघालं. राजे गेले, कंपनी गेली, तरी नगरपालिकांचे जकात नाके गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकून बसलेले असत. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. आधल्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा नव्या जिल्ह्यात आलं. २०१७ मध्ये जीएसटी आला. आज मालाच्या ट्रकचं ई-वे बिल ड्रायव्हरच्या फोनमध्ये असतं. तपासणी गावाच्या तोंडाशी होत नाही, सर्व्हरवर होते. वेस खिशात आली म्हणा.

आणि मग २०२० साल उजाडलं. जूनमध्ये केंद्राचे तीन कृषी अध्यादेश निघाले, सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले. त्यातल्या एकाचा गाभा हा होता की बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणीही शेतमाल खरेदी करावा आणि तिथं राज्यानं बाजार शुल्क लावू नये. सोप्या मराठीत, फाटकाबाहेरचा व्यापार मोकळा. महाराष्ट्रात मतं दुभंगली. शरद जोशींच्या विचारांची मंडळी म्हणाली, हेच आम्ही चाळीस वर्षं मागत होतो. दुसरे म्हणाले, फाटक मोडकं असलं तरी आहे म्हणून भावाला तळ आहे; ते गेलं की मोठ्या कंपन्यांपुढं एकटा शेतकरी. २६ नोव्हेंबर २०२० पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशचे शेतकरी सिंघू, टिकरी आणि गाझीपूरला बसले. मराठी वर्तमानपत्रांनी या जागांसाठी आपोआप एक शब्द उचलला: शेतकरी ‘दिल्लीच्या वेशीवर’.

दिल्लीला आता तट नाही. तरी दिल्लीची वेस होती. तिच्यावर काँक्रीटचे अडथळे होते, रस्त्यात रोवलेले खिळे होते. जुन्या दरवाजांच्या फळ्यांवर हत्तींसाठी लोखंडी सुळे असत. हे ट्रॅक्टरच्या टायरसाठी. सीमांवर बसलेले लोक ज्या बाजार पद्धतीसाठी भांडत होते तिची पहिली नोंद, दिल्ली नावाची वेस असलेल्या वऱ्हाडातल्या एका गावात आहे, हे तिथल्या कुणाच्या भाषणात आलं असेल असं वाटत नाही. वर्षभरानं, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. फाटक राहिलं.  वाशिम जिल्ह्यात आता कापसापेक्षा बोलबाला सोयाबीनचा, आणि सोयाबीनचा भाव पाहायला शेतकरी सकाळी फोन उघडतो.

या सगळ्यात दगडी वेशींचं काय? त्यांची कामं एकेक करून दुसरीकडे गेली: पहारा पोलीस ठाण्याकडे, वसुली सर्व्हरकडे, दवंडी व्हॉट्सॲप ग्रुपकडे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावच्या वेशींना आता वाढदिवसाचे फ्लेक्स, विजेच्या वायरी आणि सणावाराचे झेंडे धरून उभं राहायचं एवढंच काम आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं, आणि रस्ता रुंदीकरणाच्या बैठकीत कमान म्हणजे अडथळा असं कुणीतरी म्हणतंच. मला विचाराल तर गावाच्या तोंडाशी दोन गाड्यांपैकी एक थांबते हे वाईट नाही. वेस बांधली त्याचसाठी होती.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. एकूण ७०१ किलोमीटरचा हा मुंबई-नागपूर रस्ता वाशिम जिल्ह्यातून जातो आणि कारंज्याला त्याचा इंटरचेंज आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण, मधेच कुठं चढता येत नाही, उतरताना टोल. कारंज्याची ही पाचवी वेस. तिच्यावर गावाचं नाव हिरव्या पाटीवर लांबून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात आहे, आणि दिशा दोनच: नागपूर किंवा मुंबई. दिल्लीचं नाव इथं कुणी घेत नाही. कापसाची गाडी असो की पोळ्याचे बैल, जुन्या वेशीतून ये-जा करायचे. या वेशीतून बैलगाडीला, ट्रॅक्टरला, रिक्षाला आणि दुचाकीला आत जाता येत नाही. त्यांनी मूर्तिजापूर, मंगरूळ आणि दारव्ह्याकडे जुन्याच रस्त्यांनी जायचं.